कच्चे मडके कोणाचे?

‘हस्तनिर्मित’ हा शब्द आज मोठ्या मानाला चढला आहे. शहरांतील कलादालनांत मातीच्या वाडग्यापुढे, किंचित वाकड्या काठाच्या पेल्यापुढे, राखेच्या झिलईने मढलेल्या कुंभापुढे सुशिक्षित माणूस आदराने थबकतो. कुंभाराच्या बोटांच्या खुणा तो कौतुकाने न्याहाळतो, ज्वाळेने उमटवलेला डाग वाखाणतो आणि मागितलेली किंमत कुरकुर न करता मोजतो. तोच गृहस्थ आश्विनात बाजाराच्या कडेला बसलेल्या कुंभारणीशी डझनभर पणत्यांच्या भावासाठी घासाघीस करतो. आणि तो एखाद्या देवस्थानाच्या समितीवर असला, तर उत्सवासाठी यंत्राने पाडलेल्या दिव्यांची खोकी मागवण्याच्या ठरावाला संमतीही देतो. एकाच माणसाच्या ह्या दोन वर्तनांत जी विसंगती आहे, तिच्याविषयी आम्हांस आज बोलावयाचे आहे, आणि आडपडदा न ठेवता बोलावयाचे आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे: हातकारागिरी प्रदर्शनाने जगत नाही, ती वापराने जगते. मातीच्या वस्तूंचा सर्वांत जुना आणि सर्वांत नियमित वापर आपल्या देवघरांत व देवळांत होत आला आहे. म्हणून ह्या कारागिरीच्या जगण्यामरण्याचा निवाडा कलादालनांच्या हाती नाही. तो आपल्या हाती आहे. देवस्थानांच्या महाजनांनी व विश्वस्तांनी तो विचारपूर्वक करावा. आज तो विचाराविनाच होत आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. आधुनिक मृत्तिकाकलेशी आमचे वैर नाही. उलट, तिने ह्या देशात जे मिळवले आहे त्याचा आम्हांस अभिमान वाटतो. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेची स्थापना १८५७ सालची. तेथे १८७० नंतरच्या दशकात जॉर्ज टेरी यांनी कुंभारकामाची शाखा चालवली. सरदार गुरचरण सिंग १९१९ साली जपानला गेले, तेथील कुंभारकाम त्यांनी आत्मसात केले आणि १९५२ साली ‘डेल्ही ब्ल्यू पॉटरी’ची भट्टी पेटवली. पुदुच्चेरीला १९७१ साली रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी ‘गोल्डन ब्रिज पॉटरी’ उभारली आणि तेथे शिकलेले कलावंत देशभर पसरले. आमच्या वडोदेकर वाचकांस तर हे सारे घरचेच आहे. सयाजीराव महाराजांनी १८९० साली तेथे कलाभवन स्थापिले, ते हुन्नराला विद्येचा मान मिळावा म्हणून. पुढे त्याच नगरीतील विश्वविद्यालयाच्या ललितकला विभागात के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारख्या चित्रकाराने भाजलेल्या मातीचे फलक घडवले, आणि ज्योत्स्ना भट्ट (१९४०–२०२०) यांनी अध्यापन करीत मातीच्या साध्या आकारांना विलक्षण शांती दिली. २०१८ साली जयपूरच्या जवाहर कला केंद्रात भारतीय मृत्तिकाकलेचे पहिले त्रैवार्षिक प्रदर्शन भरले. माती हे केवळ गरजेचे साधन नसून विचाराचे व भावनेचेही माध्यम आहे, हे ह्या मंडळींनी सिद्ध केले. हे ऋण आम्ही नाकारीत नाही.

पण ह्या कलेच्या कौतुकातून एक विपरीत निष्कर्ष आपल्या समाजाने काढला आहे. काचेच्या कपाटात ठेवलेले आणि खाली सही असलेले मडके म्हणजे कला. पूजेच्या ताटातले मडके म्हणजे निव्वळ सामान. पहिल्याची किंमत त्याच्या कर्त्याच्या नावावरून ठरते, दुसऱ्याची शेजारच्या प्लास्टिकच्या वस्तूवरून. ही वाटणी मातीने केलेली नाही, चाकाने केलेली नाही, भट्टीनेही केलेली नाही. ती गिऱ्हाइकाने केली आहे, आणि तिला सौंदर्यशास्त्राचा काडीइतकाही आधार नाही.

आधार नाही असे आम्ही का म्हणतो, ते पाहा. जपानात क्योतो नगरीतील दाइतोकु-जी ह्या विख्यात मंदिरसमूहात कोहो-आन नावाचे एक उपमंदिर आहे. तेथे ‘किझाएमोन’ ह्या नावाने ओळखला जाणारा चहाचा एक वाडगा जतन केला आहे. जपानी शासनाने त्यास राष्ट्रीय निधीचा दर्जा दिला आहे. हा वाडगा कोणा दरबारी कलावंताचा नव्हे. सुमारे चारशे-पाचशे वर्षांपूर्वी कोरियातील अनाम कुंभारांनी साध्या लोकांच्या रोजच्या वापरासाठी जी भांडी शेकड्यांनी घडवली, त्यांतलेच हे एक, असे यानागी सोएत्सु यांनी सांगितले. १९३१ साली तो वाडगा हाती घेऊन पाहिल्यावर त्याच्या साधेपणातच त्याचे थोरपण आहे असे त्यांनी लिहिले. ह्याच यानागींनी हामादा शोजी व कावाई कांजिरो ह्या कुंभारांसह ‘मिंगेई’, म्हणजे लोकांची कला, हा शब्द रूढ केला आणि १९३६ साली तोकियोत लोककारागिरीचे संग्रहालय उघडले. वापरासाठी, पुष्कळ संख्येने, परंपरेच्या शिस्तीत, नावाचा हव्यास न धरता घडवलेल्या वस्तूत जे सौंदर्य उतरते ते केवळ शोभेसाठी घडवलेल्या वस्तूत क्वचितच उतरते, हे त्यांच्या विचाराचे सार होय.

आता ही कसोटी घेऊन गोव्याच्या देवळात या. दिवजोत्सवाच्या रात्री सुवासिनी हातांत दिवज घेऊन देवळाला प्रदक्षिणा घालतात. दिवज म्हणजे मातीचा, एकाहून अधिक वातींचा, बहुधा पाच वातींचा दिवा. तो वापरासाठी घडतो, पुष्कळ संख्येने घडतो, परंपरेच्या शिस्तीत घडतो आणि त्यावर कोणाची सही नसते. यानागींनी सांगितलेले एकही लक्षण त्यात उणे नाही. क्योतोच्या मंदिराने एका परक्या देशातील गरिबाचा वाडगा रत्नासारखा सांभाळला. आणि आपण? आपल्याच गावच्या हातांनी घडवलेला दिवज परवडत नाही म्हणून त्याजागी दुसरे काही चालेल का, ह्याची चर्चा करतो!

दिवज हे एकच उदाहरण नव्हे. आपल्या वर्षाचा फेरा मातीच्या भांड्यांनी मोजता येतो. संक्रांतीस सुगडे, अक्षय्य तृतीयेस पाण्याने भरून द्यावयाचा करा व केळी, शारदीय नवरात्रात घट, दीपावलीस पणत्या. आणि अखेरच्या यात्रेतही चितेभोवती फिरवून फोडायचे ते मडकेच. इंदूर, ग्वाल्हेर, वडोदे, हैदराबाद येथे कित्येक पिढ्या नांदणाऱ्या मराठी कुटुंबांनी भाषेत चार परके शब्द घेतले असतील, पण सुगड सोडलेले नाही. बेळगाव, खानापूर आणि डिचोली ह्या भागांतील कुंभारवाडे अशाच मागणीवर उभे राहिले. खानापूरची माती आणि तेथले कारागीर ह्यांची ख्याती अशी की ग्रामीण कुंभारकामाची केंद्रीय संस्था खादी ग्रामोद्योग आयोगाने तेथे चालवली. गोव्यात बुडकुलीत शिजलेल्या आमटीची चव म्हाताऱ्यांच्या जिभेवर अजून आहे. स्वयंपाकघरातून मडके बहुतांशी गेले, ते परत आणा असा आमचा हट्ट नाही. धातूची भांडी टिकाऊ आणि सोयीची आहेत. पण ज्या ठिकाणी मातीच हवी असे परंपरा सांगते, निदान त्या ठिकाणी ती माती खरी असावी, हाताने घडलेली असावी, एवढी मागणी अवाजवी आहे काय?

आज बाजारात काय मिळते? प्लास्टरच्या साच्यात पातळ माती ओतून अथवा यंत्राने दाबून एकसारखे पाडलेले, वर चकचकीत रंग फासलेले, चमकी चिकटवलेले दिवे. दूरच्या कारखान्यांतून ते गाड्या भरून येतात. घट मिळतो, पण त्याला वरून रंग दिलेला, त्यामुळे पाणी झिरपतच नाही. काही ठिकाणी तर विजेवर पेटणाऱ्या प्लास्टिकच्या ज्योती गाभाऱ्याच्या पायरीपर्यंत पोचल्या आहेत. साच्यातून माल काढणे हे पाप नव्हे. साच्याचा उपयोग प्राचीन काळापासून होत आला आहे. आमचा आक्षेप असा की हे दिवे ‘पारंपरिक’ आणि ‘हस्तकला’ म्हणून विकले जातात, आणि देवस्थानांच्या समित्या शहानिशा न करता ते घेतात. जो समाज तुपातली भेसळ वासावरून ओळखतो त्याने दिव्यातली भेसळ ओळखू नये, ह्याला काय म्हणावे?

हाताच्या वस्तूत नेमके काय असते, हे ठाऊक नसल्यामुळेच तिची किंमत जास्त वाटते. कुंभार माती आणतो, ती भिजवतो, खडे-मुळ्या वेचतो, पायांनी तुडवतो, वाळू अथवा राख प्रमाणात मिसळतो. चाकावर उतरवलेले मडके अर्धवट सुकले की आतून गोट्याचा आधार देऊन बाहेरून थापटण्याने ठोकावे लागते. त्याने भिंत पातळ होते आणि माती घट्ट बसते. मग सावलीतले सुकवणे, आणि मग आवा. पाचशे-सहाशे अंश सेल्सियसच्या सुमारास मातीच्या कणांत बांधले गेलेले पाणी निघून जाते. तेथून पुढे ती माती पुन्हा कधीही चिखल होत नाही. ५७३ अंशांवर मातीतील गारगोटीचे कण एकाएकी प्रसरण पावतात. तापताना वा निवताना तेथे घाई झाली तर भांड्याला तडा जातो. गावचा आवा साधारणपणे सातशे ते नऊशे अंशांपर्यंत चढतो. हे सारे कुंभार उष्णतामापकावाचून, धुराच्या आणि निखाऱ्याच्या रंगावरून जाणतो. दिवजासारख्या जोडकामात तर निरनिराळे भाग सारखेच ओले असावे लागतात. एक भाग अधिक सुकलेला असला तर सुकताना सांधा उकलतो. हे ज्ञान नव्हे, असे कोण म्हणेल? ते छापलेले नाही, एवढाच त्याचा अपराध.

कोणी म्हणतात, उच्च तापमानात भाजलेले दगडी भांडे श्रेष्ठ, गावचे मडके कनिष्ठ. हाही भ्रमच. बाराशे अंशांपलीकडे भाजलेल्या दगडी भांड्याची भिंत जवळजवळ काचेसारखी बंद होते. चहाला ते उत्तम. पण उन्हाळ्यात पाणी थंड करावयाचे तर सच्छिद्र मडकेच हवे, कारण भिंतीतून झिरपलेले पाणी बाहेर वाळताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. घटाभोवतालच्या मातीत धान्य रुजते, तेही भिंतीतून पाझरणाऱ्या ओलाव्यामुळे. पणती तेल पिते म्हणून तक्रार करणाऱ्यांस आपल्या आजींची रीत ठाऊक नसावी: नवी पणती आधी पाण्यात भिजत घालावी, मग ती तेल पीत नाही. प्रत्येक भांड्याचे गुण त्याच्या कामावरून मोजावयाचे असतात. कमी आचेवरचे मडके हे अपुरे राहिलेले चिनी मातीचे भांडे नव्हे. ते आपल्या कामापुरते पूर्ण आहे.

ह्या कामाच्या टिकाऊपणाची साक्ष तर जमिनीच्या पोटात आहे. संगमनेर तालुक्यातील जोर्वे ह्या गावी १९५०–५१ साली डॉ. ह. धी. सांकलिया व त्यांचे सहकारी यांनी उत्खनन केले, तेव्हा तांबड्या अंगावर काळी नक्षी असलेली, तोटीची भांडी सापडली. ती सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची आहेत आणि इतकी नीट भाजलेली आहेत की त्यांवर टिचकी मारली असता धातूसारखा नाद येतो. त्या लोकांचे राजे कोण, त्यांची भाषा कोणती, हे कोणी सांगू शकत नाही. त्यांच्या संस्कृतीला आज नाव आहे ते कुंभाराच्या कामावरून. पुणे जिल्ह्यातील इनामगावच्या उत्खननात तर दोन घट तोंडाला तोंड लावून त्यांत पुरलेली तान्ही मुले आढळली. जन्मापासून मृत्यूपर्यंत मातीच्या भांड्याचा आधार घेणे ही ह्या भूमीची रीत आजकालची नव्हे.

आता आक्षेपांकडे वळू.

पहिला आक्षेप खर्चाचा. देवस्थानाचा पैसा जपून वापरला पाहिजे, हे आम्हांस मान्य आहे. पण उत्सवाच्या मांडवावर, ध्वनिवर्धकांवर, विजेच्या रोषणाईवर जे खर्च होते त्याच्या शेजारी दिवजांचा खर्च ठेवून पाहावा. काटकसरीची आठवण नेमकी कुंभाराचे बिल आले की होते, हे आम्हांस विलक्षण वाटते.

दुसरा आक्षेप असा की कुंभारच धंदा सोडीत आहेत, त्यांची मुले शाळा-महाविद्यालयांत जात आहेत. मग देवस्थानांनी काय करावे? मुले शिकत आहेत ही आनंदाची गोष्ट आहे. कुंभाराच्या मुलाने कुंभारच व्हावे, अशी सक्ती करणाऱ्या जुन्या व्यवस्थेचे पुनरुज्जीवन आम्हांस नको. बलुत्यात धान्य मिळे, पण त्यासोबत पायरीही ठरवून मिळे. ती पायरी गेली ते उत्तमच झाले. परंतु धंदा स्वखुशीने सोडणे वेगळे आणि मागणी आटल्यामुळे तो सुटणे वेगळे. जे शहरी तरुण आज हौसेने शुल्क भरून चाकावर बसावयास शिकतात, त्यांतल्या काहींना हे काम पोटापाण्याचे म्हणून करावेसे वाटले, आणि डिचोलीच्या एखाद्या शिकलेल्या मुलीला आजोबांचे चाक पुन्हा फिरवावेसे वाटले, तर त्यांना गिऱ्हाईक कोठे आहे? कोणत्याही जातीच्या माणसाने हे काम करावे, मात्र त्या कामावर त्याचे घर चालावे, एवढेच आमचे म्हणणे.

तिसरा आक्षेप असा की हे काम शासनाचे आहे. शासन काही करीत नाही असे नाही. खादी ग्रामोद्योग आयोगाने २०१८ पासून कुंभारांना विजेची चाके वाटली. २०२३ च्या सप्टेंबरात सुरू झालेल्या ‘पीएम विश्वकर्मा’ योजनेतील अठरा व्यवसायांत कुंभारकाम आहे, आणि तिच्यात अवजारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत साह्य व सवलतीच्या व्याजाने कर्ज आहे. पण विजेचे चाक दुप्पट मडकी देईल. दुप्पट गिऱ्हाइके देणार नाही. कर्जाने भट्टी बांधता येते. कर्ज फेडण्यासाठी माल विकावा लागतो. २००४ साली रेल्वेमंत्र्यांनी स्थानकांवर मातीच्या कुल्हडातून चहा देण्याचे फर्मान काढले होते, आणि २०२० साली तीच घोषणा दुसऱ्या मंत्र्यांनी पुन्हा केली. एकच गोष्ट सोळा वर्षांनी नव्याने जाहीर करावी लागते, ह्यावरून काय समजावे? हुकुमाने सुरू झालेला वापर हुकूम थंडावला की थंडावतो. श्रद्धेने आणि सवयीने चालणारा वापर मात्र मंत्र्यांवर अवलंबून नसतो. तशा वापराची जागा आजही एकच आहे: आपले घर आणि आपले देऊळ.

हे केवळ स्वप्नरंजन नव्हे, ह्याचा पुरावा गणेशमूर्ती देतात. प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे भाजलेल्या जिप्समचे पीठ. पाण्यात ते लवकर विरघळत नाही. न भाजलेली माती मात्र पाण्यात पुन्हा माती होते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० साली सुधारित मार्गदर्शक सूचना काढून प्लास्टरच्या मूर्तींना मनाई केली, पण कोकणात आणि गोव्यात कित्येक घरांनी असल्या सूचनांची वाट कधी पाहिलीच नव्हती. तेथे मूर्तिकाराकडे आधी पाट नेऊन देण्याची रीत आहे. पाट दिला म्हणजे मूर्ती ठरली. कोणाच्या घरची, किती उंचीची, हे मूर्तिकाराला पावसाळा भरात येण्यापूर्वीच कळते. त्या आश्वासनावर त्याचे घर उन्हाळ्यापासून कामाला लागते. कलेला आश्रय म्हणतात तो हाच. त्यासाठी दालन लागले नाही, उद्घाटन लागले नाही. एक लाकडी पाट पुरला.

हीच रीत दिवज, घट आणि पणत्या ह्यांना का लागू करू नये? येथे एक व्यवहाराची गोष्ट सांगितली पाहिजे, जी समित्यांच्या ध्यानी येत नाही. आपल्याकडे मृगापासून पुढे चार महिने भांडी सुकत नाहीत, सरपण ओले असते, उघडा आवा लावता येत नाही. आणि मातीच्या वस्तूंची मोठी मागणी येते ती नेमकी पावसाळा सरता सरता, नवरात्रापासून पुढे. म्हणजे ज्याला आश्विनात घट विकावयाचे आहेत त्याने ते बहुतांशी वैशाखातच भाजून ठेवले पाहिजेत. चार महिने तो माल घरात पडून, पैसा अडकून, आणि खरेदी होईल की नाही ह्याची खात्री नाही. कारखान्याला ही अडचण नाही. त्याची सुकवण्याची खोली आणि बंद भट्टी बारमाही चालते. कुंभार यंत्रापुढे हरतो तो कौशल्यात नव्हे. तो भांडवलात आणि अनिश्चिततेत हरतो.

म्हणून आमच्या सूचना साध्या आहेत. प्रत्येक देवस्थानाने वर्षभरात लागणाऱ्या मातीच्या वस्तूंची यादी फाल्गुनातच करावी, आणि जवळच्या कुंभारवाड्याला लेखी मागणी द्यावी. देवळाने जणू कुंभाराकडे पाट पाठवावा. मागणीबरोबर निम्मी रक्कम आगाऊ द्यावी. भाव ठरवताना कारखान्याच्या दिव्याशी तुलना न करता, माती, सरपण, फुटतूट आणि दिवसाची मजुरी धरून तो कुंभारासमोर बसून ठरवावा. भाविकांना विकावयाचे दिवे देवळाच्या आवारात कुंभारालाच विकू द्यावेत. मधल्या दलालाला नव्हे. आणि जेथे देवस्थानाच्या जमिनीत योग्य माती आहे तेथे, कायदा सांभाळून, ती कुंभारास मिळेल अशी व्यवस्था करावी. १९३३ च्या नियमावलीपासून गोव्यातील देवस्थानांच्या महाजनांकडे हिशेबाचे व कारभाराचे अधिकार आहेत. वार्षिक सभेत एक ठराव करावयास त्यांना कोणाची परवानगी लागेल?

आणखी एक सूचना आहे, ती पैशाची नाही. आपल्या देवळांत ज्याने पंखा दिला त्याचे नाव पंख्याच्या पात्यावर असते, ज्याने फरशी दिली त्याचे नाव संगमरवरात कोरलेले असते. दिवा घडवणाऱ्याचे नाव मात्र कोठेही नसते. उत्सवाच्या पत्रिकेत ‘दिवज घडवणार’ म्हणून एक ओळ छापावयास शाई कितीशी लागेल? यानागींनी अनाम कारागिराची थोरवी गायिली हे खरे. पण अनाम राहणे ही कारागिराची साधना असू शकते. ती गिऱ्हाइकाला मिळालेली सवलत होऊ नये. शहरातल्या कलावंताचे नाव किमतीत मिळवायचे आणि गावच्या कुंभाराचे नाव न विचारून किंमत पाडायची, हा दुटप्पीपणा निदान देवाच्या दारात तरी नसावा.

आधुनिक मृत्तिकाकलावंतांनाही आमचे सांगणे आहे. आपण लोककारागिरीपासून प्रेरणा घेतली असे आपण अभिमानाने सांगता. ती प्रेरणा आता परत करा. कमी सरपणाची भट्टी, सांधे न उकलणारी मातीची मिश्रणे, वाहतुकीत न फुटणारी बांधणी, ह्यांचे ज्ञान आपल्यापाशी आहे. झिलईत शिसे असले तर अन्नाच्या भांड्यास ते घातक, हे आपण जाणता. बाजारातील स्वस्त रंगीत भांड्यांबाबत लोकांना सावध करणे आपल्याला शक्य आहे. एखाद्या देवस्थानाच्या दिवजासाठी डिचोलीच्या कुंभाराशेजारी बसून एक महिना काम करा. त्या महिन्यात कोण कोणाचा गुरू ठरेल, हे आधीच ठरवून मात्र जाऊ नका.

माशेलला आषाढात देवकीकृष्णाच्या मैदानावर चिखलकालो होतो. थोर-लहान सारे अंगाला चिखल माखून घेतात आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. एक दिवस जी माती अंगाला लावून घेणे हे भाग्य, तीच माती वर्षभर हाताळणाऱ्याचे काम हलके कसे ठरते? हा प्रश्न आम्ही त्या मैदानावरून थेट आमच्या सभामंडपांत आणू इच्छितो.

तेरच्या गोरोबाकाकांची कथा आपल्या घरोघर ठाऊक आहे. संतांचा मेळा जमला असता मुक्ताबाईने कोपऱ्यातल्या थापटण्याकडे बोट दाखवून विचारले, हे कशासाठी? कच्चे-पक्के पारखण्यासाठी, असे उत्तर मिळाले. मग काकांनी त्याच थापटण्याने एकेका संताचे मस्तक ठोकून पाहिले. बाकीचे शांत राहिले. नामदेव रुसले, आणि मडके कच्चे ठरले. ह्या कथेत परीक्षक कोण आहे, हे आपण विसरतो. पंडित नव्हे, श्रीमंत नव्हे, महाजन नव्हे. कुंभार परीक्षक आहे. आजवर कुंभाराचे मडके आपण ठोकून घेतले, भाव पाडून घेतले, तडा दिसला की परत केले. आता थापटणे त्याच्या हातात आहे, आणि येत्या फाल्गुनात तो आपल्या सभामंडपाच्या पायरीशी येऊन विचारणार आहे: यंदा किती दिवज लागतील? जी समिती ह्या प्रश्नावर रुसेल, तिचे मडके कच्चे समजावे.